भोंग्यातली बाई

आमच्या वस्तीमागे टेकडी आहे. म्हणजे अर्धी आहे. कारंजा (घाडगे) वरून जाणारा महामार्ग दर दोन वर्षांनी कुठेतरी रुंद होतो, रुंद व्हायला गिट्टी लागते, आणि गिट्टी टेकडीतूनच निघते. खदान आधी टेकडीच्या पल्याड होती. दुपारी लांबून दणका ऐकू यायचा, आजी म्हणायची, बार उडवला वाटते, आणि परत तांदूळ निवडायला लागायची. मग खदानीच्या कंपनीने अलीकडची बाजू मागितली. अलीकडची बाजू म्हणजे आमची बाजू. तिच्या पायथ्याशी विहार, विहाराला लागून वस्तीची विहीर, विहिरीला लागून आमची पस्तीस घरं. ती विहीर मे महिन्यातही आटत नाही. पाणी टेकडीतून झिरपतं, हे आमच्याकडे सात वर्षांच्या पोरालाही माहीत आहे.

ही बाजू वाचवायची होती. वाचली नाही. त्यात कंपनीचा वाटा किती ते मी पत्रकांत पुष्कळ लिहिलं आहे, आणि जे लिहिलं त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण माझाही एक वाटा आहे. तो पत्रकात बसत नाही, म्हणून इथे लिहिते.

मी बारावीनंतर पुण्याला गेले. तोपर्यंत मी कशी बोलते हे मला माहीत नव्हतं. बोलते एवढंच माहीत होतं. वसतिगृहाच्या मेसमध्ये पहिल्या आठवड्यात मी वाढणाऱ्या काकूंना म्हणाले, "मले भात नोको." टेबलावरच्या पाच मुली एका क्षणात गप्प झाल्या आणि मग हसल्या. एक म्हणाली, "परत बोल ना. प्लीज." मी विचारलं, "काऊन?" तर त्या 'काऊन'वर आणखी हसल्या. त्या वाईट नव्हत्या. एकीने माझी फी भरायची रांग धरली होती, एकीने तापात पेज करून दिली होती. पण वाढदिवस आला, पाहुणी मैत्रीण आली, की मला मधोमध बसवायचं. "ही वर्ध्याची आहे. बोल ना तुमच्यासारखं." माकडाला टोपी घालून दाखवतात तसं. आणि मी बोलायचे, हे जास्त लाजिरवाणं. घरी कोणी बोलत नाही इतकं ठासून बोलायचे, कारण त्यांना तेवढं लागायचं. एक प्राध्यापक वर्गात म्हणाले, "तुमच्याकडे मराठी कळतं ना सगळ्यांना? तिकडे हिंदीच चालतं असं ऐकलंय." मी म्हणाले, "हो सर, कळतं." 'हो' म्हणाले. 'हाव' नाही. ते पहिलं 'हो' मला अजून आठवतं, तोंडात दुसऱ्याची कवळी घातल्यासारखं.

माझ्या कानाला एक खोड आहे. समोरचा जसा बोलतो तसं माझ्या तोंडून आपोआप निघायला लागतं. ही आईकडून आली. आमच्याकडे कापूस वेचायला बैतूलकडच्या बाया येतात. त्यांच्याबरोबर चार दिवस वेचलं की आई घरी येऊन आम्हालाच विचारायची, "खाना हो गयो?" आम्ही हसायचो, तीही हसायची. पाचव्या दिवशी ते उतरायचं. माझं उतरलं नाही. तीन महिन्यांत मी 'नाहीये' म्हणायला लागले, 'अगं ऐक ना' म्हणायला लागले, वाक्याच्या शेवटी आवाज कसा सोडायचा ते शिकले. खोलीत कोल्हापूरची एक मुलगी आली, तर तिच्याशी बोलताना तिचा झोका यायचा. तिने एकदा तोंडावर विचारलं, "माझी चेष्टा करायलीस व्हय गं?" मी चेष्टा करत नव्हते. तिला काय सांगणार. मलाच कळत नव्हतं की मी तिच्यासारखी बोलते आहे.

घरचा फोन आला की मी गच्चीवर जायचे. तिथे कोणी नसायचं, तिथे 'हाव माय' म्हणता यायचं. दुसऱ्या वर्षी माझ्या ध्यानात आलं की मी गच्चीवरही 'हो आई' म्हणते आहे. आई त्यावर एकदाच म्हणाली, "साहेबीन झाली माही पोरगी." ती कौतुकाने म्हणाली होती. निदान मी तसं धरलं.

पुण्यातच मी चळवळीत शिरले. धरणाखालच्या, खदानीखालच्या, हमरस्त्याखालच्या गावांचं काम करणारा आमचा छोटा गट होता. एक ताई होत्या, पन्नाशीच्या, त्यांच्याकडे मी पत्रक लिहायला शिकले. ताईंच्या हातात लाल पेन असायचं. वाक्य लहान. प्रत्येक वाक्यात एक आरोप किंवा एक मागणी. विशेषण दिसलं की काट मार. खाली कुणाचं नाव नाही, 'समस्त ग्रामस्थ' लिहायचं, म्हणजे कुणा एकाला उचलता येत नाही. आणि बोली चालायची नाही. "पत्रक सगळ्यांचं असतं," ताई म्हणायच्या. "गावची बोली आणलीस की शेजारचा तालुका बाहेर राहतो." मला ते पटलं. कोपरासभांत मी पत्रक वाचायला लागले, तेव्हा ताई म्हणाल्या, "तुझा आवाज चांगला आहे. कुठलाच वाटत नाही." ही शाबासकी होती. मी दोन दिवस खूश होते.

आणि तो आवाज उपयोगाचा होता, हे खोटं कशाला सांगू. सुट्टीत आले होते. आईला उत्पन्नाचा दाखला हवा होता. खिडकीवर आई म्हणाली, "दादा, मले दाखला पायजे होता, दोन चकरा झाल्या." खिडकीमागचा माणूस तसाच बोलणारा, आमच्याकडचाच. तो हसला नाही, पण मान वर करून पाहिलंही नाही. मी पुढे झाले. "यांना उत्पन्नाचा दाखला हवा आहे. अर्ज दिलेला आहे. कधीपर्यंत मिळेल?" तो सरळ बसला. "बसा मॅडम, पाहतो." अर्ध्या तासात दाखला हातात. परत येताना बसमध्ये आई तो कागद पिशवीत नीट ठेवत म्हणाली, "तुहं बोलनं कामाचं हाये वं." त्या संध्याकाळी भांडी घासता घासता ती हळूच म्हणत होती, मला, मला पाहिजे, मला पाहिजे आहे. मी दारातून ऐकलं. मला गंमत वाटली. मी जाऊन तिला 'पाहिजे'चा उच्चार करून दाखवला. अधिकाऱ्यांसमोर असंच बोलत जा, म्हणाले.

एवढ्यात टेकडीच्या अलीकडच्या बाजूसाठी कंपनीचा अर्ज आला.

कंपनीने एक माणूस पाठवला होता. जनसंपर्क बघणारा. तिशीतला, स्वच्छ दाढी, पायात भारी बूट, मूळ पुण्याकडचा. पहिल्यांदा आला तेव्हा 'नमस्कार काका, कसे आहात' असं बोलायचा आणि लोक नुसती मान हलवायचे. महिन्याभराने तो गावातल्या ओट्यांवर मांडी घालून बसायला लागला. "काय म्हनते काका, कापूस कसा हाये औंदा?" लोक खूश. चुकला की लोक त्याला शिकवायचे, "तसं नोको म्हनू साहेब, असं म्हन," आणि तो मन लावून परत म्हणायचा. वस्तीपलीकडच्या मोठ्या गावातले शेतकरी, वस्तीतले आमचे लोक, सगळ्यांना त्याचं कौतुक. "लय साधा मानूस हाये. आपल्यासारखा बोलते." मी माझं बोलणं पुण्याला टाकून आले होते. त्याने ते उचलून अंगात घातलं, आणि त्याला ते शोभतं असं माझ्याच गावाने ठरवलं.

मग कंपनीने डोळे तपासणीचं शिबिर घेतलं. अ‍ॅटोवर भोंगा बांधून गावभर फिरवला. भोंग्यात एक बाई बोलायची, शुद्ध, गोड, बातम्या देणाऱ्यांसारखी. "आपणा सर्वांना सादर निमंत्रण." लोक गेले. फुकट चष्मे मिळाले, सह्या-अंगठे घेतले. पुढे तेच सह्यांचे कागद 'ग्रामस्थांचा विकासाला पाठिंबा' असं शीर्षक लावून अर्जाला जोडलेले निघाले. माझ्या आईचा अंगठा त्यात होता. आईला सही येते. गर्दी होती म्हणून अंगठा घेतला, म्हणाली.

मी सुट्टी टाकून घरी आले. रोज संध्याकाळी घरोघर बसले. पहिल्या घरी मी पत्रकासारखी बोलले. दुसऱ्या घरी चहा आला. तिसऱ्या घरी कोणीतरी माझ्या लहानपणीची गोष्ट काढली, मी विहिरीत चप्पल पाडली होती ती, आणि मी एकदम म्हणाले, "थे मी नाई पाडली, थे माह्या भावानं पाडली." सगळे हसले, मीही. त्यानंतर आठ दिवस मला बोलायला काही अडलं नाही. विहाराच्या ओट्यावर वस्तीतल्या सगळ्या बाया जमल्या तेव्हा मी सांगितलं, "आयका. आता कंपनीची गाडी फिरीन, भोंगा वाजीन, बाई गोड बोलीन. कोनी जायचं नाई. कायी फुकट देवो, जायचं नाई. सही नाई, अंगठा नाई. मी सांगीन तवाच घराबाहेर निंगजा."

समोरच्या घरातली म्हातारी, गावाची सगळ्यात खवट बाई, म्हणाली, "अन् जेवन असलं त?"

"त भूक नाई म्हनजो."

"मले तुहा बाप बरा वाटते. थो इतका बोलत नोयता." सगळ्या हसल्या. पण ठरलं. पक्कं ठरलं. त्या ओट्यावर मी जे बोलले, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण होतं. तेव्हा मला ते भाषणच वाटलं नव्हतं.

पुढे दोन महिन्यांनी जनसुनावणीची तारीख निघाली. ही कंपनीची नव्हती. ही सरकारी. खदानीचा विस्तार व्हायचा की नाही यावर लोकांनी अधिकाऱ्यांसमोर बोलायचं, जे बोलाल ते लिहून घेतात, वरती जातं. एकच संधी. इथे पस्तीस घरं उभी राहिली असती, मोठ्या गावातली विहीरवाली माणसं उभी राहिली असती, तर मंजुरीला काहीतरी अडथळा होता. निदान कागदावर होता. म्हणून आमचा सगळा गट वर्ध्याला येऊन बसला. आक्षेपांचा मसुदा, नकाशे, छापखाना. मी आठ दिवस वर्ध्यातच होते. गावाला बोलवायचं काम भोंग्यावर टाकलं.

मजकूर मी लिहिला. भोंग्याची परवानगी घ्यायची तर मजकूर आधी दाखवावा लागतो, म्हणून सपक ठेवला. 'विरोध' हा शब्द नको, ताई म्हणाल्या, परवानगी अडकेल. एका बोळातल्या दुकानात रेकॉर्ड केलं. दुकानाच्या भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले होते, आवाज घुमू नये म्हणून. मी एका दमात म्हटलं. "सर्व नागरिकांना नम्र आवाहन. प्रस्तावित दगडखाण विस्तार प्रकल्पाच्या अनुषंगाने उद्या सकाळी अकरा वाजता महामार्गालगतच्या मंगल कार्यालयात जनसुनावणीचे आयोजन करण्यात आले आहे. तरी सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहून आपले मत नोंदवावे. समस्त ग्रामस्थ."

दुकानदार कानावरचा हेडफोन काढून म्हणाला, "मॅडम, दुसरा टेक घ्यायची गरजच नाही. आमच्याकडच्या बायका चार चार घेतात." मी पेन ड्राइव्ह घेतला आणि कारंजाच्या अ‍ॅटोवाल्याकडे पाठवला. आमच्या भागात भोंगा असलेला अ‍ॅटो एकच. चष्म्याच्या शिबिराला फिरलेला तोच.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी मी छापखान्यातून आईला फोन केला. यंत्राचा आवाज होता, एक कान बोटाने बंद केला होता.

"गाडी आली होती का?"

"आली न. दोन डाव फिरली. समद्यायनं आयकलं."

"मग ठरल्याप्रमाणे ना सगळं?"

"हाव वं बाई. तू सांगतलं तसंच. कोनाची हिंमत हाये दुसरं करायची."

मी 'छान' म्हणाले आणि फोन ठेवून दिला. मला एक साधं वाक्य बोलायला हवं होतं. आई, उद्या सगळ्यांना घेऊन ये. बोलले नाही. पत्रक लिहिणाऱ्याला वाटतं, एकदा छापलं, एकदा वाजलं, की पोचलं.

सुनावणी महामार्गाच्या कडेला एका मंगल कार्यालयाच्या अंगणात होती. मी सकाळी नऊला पोचले. मंडप, पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्या, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, व्हिडिओ काढणारा पोऱ्या तारा ओढत होता. दहा वाजता दोन टेम्पो आले. त्यातून उतरली ती कंपनीच्या दुसऱ्या खदानीवरची माणसं. हातात पुरीभाजीची पाकिटं. अर्ध्या खुर्च्या भरल्या. आमच्या अर्ध्या रिकाम्या. मी फाटकाजवळ आक्षेपाचे फॉर्म घेऊन उभी. आमच्या वस्तीपासून हे सहा किलोमीटर.

तो जनसंपर्कवाला माझ्याजवळ आला. "ताई, तुमचे लोकं काऊन दिसून नाई राह्यले?"

"येतील. वेळ आहे अजून," मी म्हणाले.

"कापसाचे दिवस हाये न. नाई निंगत लोकं."

"आपण आपल्या लोकांची काळजी घ्या."

कुणी डोळे मिटून ऐकलं असतं तर मलाच कंपनीची समजला असता. हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. तासाभराने आलं.

अकरा वाजता अधिकारी बसले. प्रस्ताव वाचायला सुरुवात झाली. मी मंडपामागे जाऊन आईला फोन लावला. ती वावरात होती, मागे बाया बोलत होत्या.

"कुठे आहात तुम्ही सगळे?"

"वावरात. काऊन?" आणि मग आनंदाने, मला खूश करायला, "कोनी नाई निंगालं वं. एक मानूस नाई निंगालं. मोठ्या गावातले दोघं चालले होते, त्यायलेबी आमी परतवलं. थे म्हातारी रस्त्यावर उभी राह्यली. म्हने, पोरीनं सांगतलं हाये, भोंग्यातल्या बाईचं आयकायचं नाई."

मी म्हणाले, "आई, भोंग्यात मी होते."

पलीकडे कुणीतरी मागून विचारलं, काय म्हनते पोरगी.

"थे बाई तू होती?" आई म्हणाली.

"हो."

"मंग तू घरी बोलतं तसं काऊन नाई बोलली?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी फक्त निघा म्हणाले, जे मिळेल त्याने निघा. पण पस्तीस घरं पाच वावरांत पसरलेली. निरोप जाईतो बारा. गाडी मिळेतो एक. सव्वाला एका छोट्या टेम्पोतून सातजणी उतरल्या, कमरेला वेचणीच्या ओट्या तशाच बांधलेल्या, ओटीत अर्धा कापूस. ती खवट म्हातारी पुढच्या सीटवर. तोवर बोलायच्या यादीतली शेवटची नावं चालली होती. कंपनीच्या टेम्पोतल्या माणसांचं एकामागून एक रोजगाराचं स्वागत करून झालं होतं. मी बोलले होते, ताई बोलल्या होत्या. आम्हा दोघींना सुनावणीच्या अध्यक्षांनी विचारलं होतं, "तुमचं मत नोंदवलं आहे. ग्रामस्थ कुठे आहेत?"

अध्यक्ष बाई नीट वागल्या. घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, यांच्यातल्या एकीला बोलू द्या, दोन मिनिटं. सातही बायांनी आईकडे पाहिलं. माझी आई म्हणून.

आईने पदर डोक्यावर घेतला. माईक दोन्ही हातांनी धरला. ही बाई, तिला विचारा विहीर कोणत्या साली कुणी खोदली, किती हातावर खडक लागला, खदानीचा बार उडाला की पाणी कसं गढूळ येतं, कोणाची भिंत कुठून तडकली, ती घास तोंडात असताना सगळं सांगेल, शिव्या घालून सांगेल, समोरचा हलणार नाही. ती माईकसमोर उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मग अधिकाऱ्यांकडे. आणि सावकाश, एकेक शब्द ताटलीत ठेवल्यासारखा, म्हणाली, "नमस्कार. आमच्या गावाला... आमच्या गावात एक विहीर आहे."

थांबली. ओठ हलत होते. पुढचं वाक्य तिच्याकडे होतं, मला दिसत होतं, पण ते घरच्या कपड्यात होतं, आणि ते घालून इथे यायचं नाही हे तिला मी शिकवलं होतं.

"सावकाश बोला मावशी. घाई नाही," अध्यक्ष बाई म्हणाल्या.

"विहीर आहे," आई परत म्हणाली. "पाणी आहे. धन्यवाद."

माईक तिने जपून स्टँडला लावला. म्हातारी मागून मोठ्याने म्हणाली, "अवं बोल न, दात बसले काय?" पण तेवढ्यात पुढचं नाव पुकारलं गेलं होतं. शेवटी कार्यवृत्त वाचून दाखवतात. त्यात आमच्या वस्तीबद्दल एक ओळ आली: एका ग्रामस्थ महिलेने गावात विहीर असल्याचे नमूद केले. त्याला हरकत म्हणत नाहीत. ती माहिती झाली. आणि तसं पाहिलं तर तिने खरंच तेवढंच म्हटलं होतं.

परत जाताना मी आमच्या बायांच्याच टेम्पोत बसले. म्हातारी ओटीतला कापूस चिवडत होती. आईने माझ्याकडे न बघता विचारलं, "बरोबर बोलली न मी?"

"हाव," मी म्हणाले.

त्या दिवसभरात माझ्या तोंडून घरचा असा हा एकच शब्द निघाला, आणि तो खोटा होता.

आम्ही लेखी आक्षेप दिले. ताईंनी अपील करू म्हटलं, केलं, ते चालू आहे. मंजुरी मात्र आली. ताईंनी मला एकदाही बोल लावला नाही. उलट म्हणाल्या, संपर्काची त्रुटी होते कधी कधी. मला त्या वाक्याचा राग आला. हातात लाल पेन असतं तर त्यावर काट मारली असती. संपर्काची त्रुटी नव्हती ती. मी दोन महिन्यांपूर्वी जे सांगितलं ते लोकांनी अक्षरशः पाळलं. आमच्या चळवळीतला तो एकच कार्यक्रम शंभर टक्के यशस्वी झाला.

वस्तीत मला कोणी काही म्हणत नाही. म्हातारी मात्र मी दिसले की आवाज बारीक करून म्हणते, "सर्व नागरिकांना नम्र आवाहन," आणि आपल्याच गमतीवर खोकेपर्यंत हसते. तिला ते हुबेहूब जमतं. तीही उचलते म्हणजे.

मी नंतर एकदा घरी बसून फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं. पुढच्या वेळी लागेल म्हणून. आमच्या बोलीत, चार वाक्यं. ऐकलं तर वसतिगृहातल्या वाढदिवसाची मी निघाले. तीच ठासून बोललेली, दाखवायची. पुसून टाकलं. दहा वेळा केलं, दहा वेळा पुसलं. आईशी भांडताना ते आपोआप येतं. यंत्रासमोर येत नाही.

आता खदान अलीकडे आली आहे. बार दुपारी दोन वाजता उडतो. विहाराच्या मागच्या भिंतीला तडा गेला आहे, वरून खाली, आपण बोटाने मातीत रेघ काढावी तसा. विहिरीचं पाणी उन्हाळ्याआधीच तीन पायऱ्या खाली गेलं. बार उडायच्या आधी अर्धा तास कंपनीतर्फे अ‍ॅटो फिरतो. तोच अ‍ॅटो. भोंग्यात बाई बोलते.

"आयका वं बायायनो. दोन वाजता बार उडनार हाये. लेकरं, बकऱ्या घरात घ्या. भिंतीले टेकून बसू नोका. चुलीवर कायी ठेवू नोका."

लोक ऐकतात. पहिल्याच दिवसापासून ऐकतात. गेल्या आठवड्यात मी घरी होते. भोंगा वाजला, आई लगेच उठली, बकरी आत घेतली, चुलीवरचं वरण उतरवलं, भिंतीवरची ताटं काढून खाली पोत्यावर ठेवली.

"कोनाची पोरगी हाये, माईत नाई," ती म्हणाली. "पन आपल्याच इकडची हाये. नीट सांगते बिचारी."

अ‍ॅटो दुसऱ्यांदा समोरून गेला. मी कान देऊन ऐकलं. एका वाक्यात मला कळलं. ती आपल्या इकडची नाही. आपल्याकडे कोणी इतकं सारखं बोलत नाही, कुठे ना कुठे एखादा शाळेतला शब्द, एखादा हिंदी शब्द घुसतोच. हिचा एकही शब्द घसरत नव्हता. कुणीतरी बसवून घेतलेली होती, मन लावून, चार चार टेक घेऊन. दुसऱ्याची बोली तोंडात बसवताना जीभ कुठे जपून ठेवावी लागते ते मला माहीत आहे. तिथेच ती जपत होती.

आईला सांगितलं नाही. दोन वाजायला आले होते. मी भिंतीला टेकून बसले होते, ती सोडली आणि खोलीच्या मधोमध येऊन बसले.